शेवटचे पाच मीटर

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी असलेल्या अलोरेची ओळख कोयनेमुळे आहे. पोफळीत वीज निर्माण करून आलेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडते, तेथून पुन्हा अलोरेच्या वीजगृहात येते आणि शेवटी वाशिष्ठीला मिळते. या प्रकल्पासाठी सह्याद्रीच्या पोटात बोगदे खणले गेले, तेव्हा त्यांची दिशा ठरवायला उपग्रह नव्हते. थिओडोलाइट, साखळी, लॉगरिदमची कोष्टके आणि माणसाची नजर एवढेच भांडवल होते. अशा कामात उमेद घालवलेला माणूस निवृत्त झाला, की काय होते? त्याला चिपळूणला डोळे तपासायला जायचे असेल तर मुलगा पुण्यातून फोनवर गाडी ठरवतो. सहलीला जायचे तर बस कुठे थांबणार, खोली कितवी, जेवणात काय, फोटो कुठे काढायचा, सगळे आधीच ठरलेले असते. डोंगरातून वाट काढणाऱ्याला आता स्वतःची वाट शोधावी लागत नाही. घरचे याला काळजी म्हणतात. हेतू काळजीचाच असतो, परिणाम मात्र तपासून पाहायला हवा.

अमेरिकेत निवृत्तांची एक वेगळीच जात आहे. हिवाळा आला, की हजारो म्हातारी जोडपी घरासारखी सजवलेली गाडी घेऊन ॲरिझोना-नेवाडाच्या वाळवंटाकडे निघतात. क्वार्ट्झसाइट नावाचे छोटेसे गाव तर या गाड्यांनी थंडीपुरते शहर होऊन जाते. यांतल्या अनेकांना एक नाद असतो, जिओकॅशिंगचा. कोणीतरी कुठेतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि बाकीचे तो शोधायला निघतात. सापडला, की आतल्या कागदावर सही करायची आणि डबा होता तिथे ठेवून द्यायचा. बक्षीस काही नाही. या खेळाची जन्मतारीखही ठाऊक आहे. जीपीएसच्या नागरी संकेतांत अमेरिकी सरकार मुद्दाम चूक मिसळत असे. २ मे २००० रोजी ते बंद झाले आणि शंभर-शंभर मीटर चुकणारी यंत्रे एकाएकी नेमकी झाली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यातल्या एका रानात बादली पुरून ठेवली आणि तिचा पत्ता इंटरनेटवर टाकला. आज जगभरात असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत. नेवाडातल्या वाळवंटी महामार्ग क्रमांक ३७५ वर, ज्याला परग्रहवासीयांच्या नावाने ओळखतात, दर एकशे साठ मीटरवर एक अशी हजाराहून अधिक डब्यांची रांगच लावलेली होती.

आपल्याकडे हे ऐकून हसू येते. साठी उलटलेल्या माणसांनी डबे शोधत हिंडायचे? पण मेंदूशास्त्राच्या नजरेने पाहिले तर या खेळात एक गंमत दडलेली आहे. मोटारीतले जीपीएस दारापर्यंत नेऊन सोडते, डोक्याला काही काम उरत नाही. जिओकॅशिंगमध्ये तेच यंत्र चार-पाच मीटरपर्यंत आणते आणि मग निरुपयोगी होते. त्याची अचूकता तिथे संपते. पुढे माणसाने उभे राहायचे, आजूबाजूला पाहायचे, लपवणाऱ्याने काय विचार केला असेल याचा अंदाज बांधायचा, वाकायचे, उठायचे, चुकायचे. औषध आहे ते या शेवटच्या पाच मीटरमध्ये.

मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा, समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग असतो. आपण कुठे आहोत हे ओळखणाऱ्या पेशी जॉन ओ’कीफ यांना १९७१ मध्ये याच भागात सापडल्या. त्याच्या शेजारच्या भागात जागेचे जणू आलेखपत्र आखणाऱ्या पेशी मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी २००५ मध्ये दाखवल्या. तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले. अल्झायमर साधारणपणे पहिला घाला घालतो तो याच परिसरावर. म्हणून रोजच्या वाटेवर चुकणे हे कधी कधी विसराळूपणाच्याही आधीचे लक्षण असते. लंडनच्या टॅक्सीचालकांना शहरातले हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवले, की त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. डिसेंबर २०२४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने अमेरिकेतल्या सुमारे नव्वद लाख मृत्यूंच्या नोंदींचा अभ्यास छापला. ४४३ व्यवसायांमध्ये अल्झायमरने मृत्यू होण्याचे प्रमाण टॅक्सी आणि रुग्णवाहिका चालवणाऱ्यांत सर्वांत कमी निघाले. विमानचालक आणि बसचालक यांच्यात मात्र तसे दिसले नाही. गाडी तेही चालवतात, फरक एवढाच, की त्यांचा मार्ग ठरलेला असतो.

इथे उड्या मारायचे कारण नाही. हा अभ्यास निरीक्षणाचा आहे, त्याने कारण सिद्ध होत नाही. ज्यांचा मेंदू मुळातच वाटा लक्षात ठेवण्यात तरबेज, तेच टॅक्सीच्या धंद्यात टिकत असतील, हेही शक्य आहे. अभ्यासकांनी स्वतःच तसे बजावले आहे. डबे शोधल्याने स्मृतिभ्रंश टळतो असे कोणी सांगू लागले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. चालण्याबाबतचा पुरावा मात्र अधिक भक्कम आहे. २०११ मध्ये कर्क एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १२० वृद्धांवर वर्षभर प्रयोग केला. आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटे चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा तेवढ्या काळात आक्रसला. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगे चौदा धोके मांडले. त्यांत व्यायामाचा अभाव आणि एकटेपणा हे दोन्ही आहेत. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे शंभरातल्या सातांहून अधिक जणांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे प्रमाण स्त्रियांत पुरुषांपेक्षा आणि खेड्यात शहरापेक्षा जास्त आहे.

खेड्याबद्दल आणखी एक निष्कर्ष आहे, तो मात्र सुखद आहे. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये ३८ देशांतल्या जवळपास चार लाख लोकांचा अभ्यास आला. वाट शोधण्याच्या खेळात शहराबाहेर वाढलेली माणसे सरस ठरली. चौकटीच्या आखीव रस्त्यांत वाढलेली मागे पडली. वाडीतून वाडीत जाणाऱ्या वाकड्यातिकड्या पाणंदी, वहाळावरचा साकव, गडगा ओलांडून जाणारी आडवाट, यांत लहानपण गेलेल्या कोकणी माणसाची शिदोरी मोठी आहे. ती म्हातारपणी वापरायची, की शिंक्यावर टांगून ठेवायची, एवढाच प्रश्न.

त्यासाठी नेवाडाला जायची गरज नाही. अलोरेहून दोन-तीन तासांवर रत्नागिरी-राजापूरचे सडे आहेत. काळ्या-तांबड्या जांभ्याचे मैलोन् मैल उघडे पठार, झाड नाही, सावली नाही. उन्हाळ्यात ते वाळवंटच. याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी हत्ती, मासे, माणसे आणि न उलगडणाऱ्या चौकटी कोरून ठेवल्या. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे. उक्षी, जांभरुण, बारसू, देवीहसोळ, रुंढे तळी, देवाचे गोठणे यांसह नऊ ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ही शिल्पे शोधली कशी, ते पाहण्यासारखे आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव जाऊन गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारले आणि पायी सडे पालथे घातले. कातळावर उभे राहिले तरी चित्र दिसतेच असे नाही. ऊन तिरपे हवे, धूळ बाजूला हवी आणि नजर सरावलेली हवी. म्हणजे पुन्हा तेच शेवटचे पाच मीटर.

जिओकॅशिंगमध्ये ‘अर्थकॅश’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात डबाच नसतो. जागेवर जाऊन तिथल्या भूरचनेबद्दल विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असते. आपल्याला तोच बरा. एक तर सार्वजनिक जागी बेवारस डबा ठेवला, की आपल्याकडे पोलीस येतील, आणि ते योग्यच करतील. दुसरे म्हणजे कातळशिल्पांवर बूट घालून चालणे, खडूने रेघा भरणे हे प्रकार आधीच पुरेसे झाले आहेत.

आता धोके. ते खरे आहेत आणि उत्साही लेखांमध्ये नेहमी राहून जातात. वय वाढले, की तहान उशिरा लागते आणि घामही कमी येतो. शरीर तापले तरी माणसाला ते कळत नाही. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाणी आणि क्षार आणखी घटतात. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण लांबले तर साखर एकदम उतरते. सड्यावर जायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यायचे. गोळ्यांच्या वेळा निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवायच्या.

पाण्याचा आणखी एक पदर आहे, त्यावर घरात कोणी बोलत नाही. प्रवासात बायका पाणी पीत नाहीत. वाटेत धड संडास मिळेल याची खात्री नसते म्हणून सकाळपासून घोटभर पाण्यावर दिवस काढतात. मग मूत्रमार्गाचा संसर्ग, चक्कर, उन्हाचा त्रास. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले तेव्हा चर्चा झाली ती आतल्या बिछान्याची आणि टीव्हीची. निवृत्त जोडप्यासाठी त्या गाडीतला खरा ऐषाराम संडासाचा आहे. कॅराव्हॅन सगळ्यांना परवडणारी नाही, हे उघड आहे. पण जेवढा पैसा तिच्या थांब्यांवर खर्च होईल त्यातला थोडा रस्त्यावरच्या स्वच्छ, पाणी असलेल्या स्वच्छतागृहांवर झाला तर आपल्या जुन्या मोटारीतून निघालेल्या जोडप्याचीही सोय होईल.

बसून राहणे हाही धोकाच. तासन् तास पाय लोंबकळत ठेवले, की पोटरीच्या शिरांत रक्त गोठण्याची भीती असते. २०१२ च्या एका छोट्या ऑस्ट्रेलियन प्रयोगात, बसणाऱ्यांना दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे चालवले तर जेवणानंतरची रक्तशर्करा लक्षणीय कमी राहते, असे दिसले. त्या नेवाडाच्या रांगेत दर डब्यापाशी उतरणाऱ्या म्हाताऱ्यांना हे न सांगताच मिळत होते. आपण निदान तासाभराने गाडी थांबवावी.

आणि कोकणात दगडाखाली हात घालायचा नाही. परदेशी खेळाडू डबा शोधताना बिनदिक्कत कपारीत बोटे घालतात. रत्नागिरीचे सडे म्हणजे फुरशाचे माहेर. वीतभर-दीडवीतभर लांबीचा हा साप दगडाखाली बसलेला असतो आणि मातीच्या रंगात दिसत नाही. विंचूही असतोच. पायात घोट्यापर्यंत बूट, हातात काठी, आधी काठी मग नजर. चावा झालाच तर आवळून बांधणे, कापणे, चोखणे यांतले काही करायचे नाही. अवयव हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठायचे. आपल्याकडचे प्रतिविष फुरशावर चालते. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन देण्याची पद्धत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केली, तीही कोकणातच.

यंत्राबद्दलची सावधगिरी वेगळीच. कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीतल्या वनरक्षकांनी एक शब्दप्रयोग रुळवला आहे, ‘डेथ बाय जीपीएस’. पडद्यावरच्या निळ्या रेषेवर विसंबून माणसे वापरात नसलेल्या रस्त्यांवर शिरतात आणि वाळवंटात अडकतात. सड्यावर फोनची रेंज जाते, बॅटरी संपते. निघताना कुठल्या गावातून वर चढलो, डावीकडे काय होते, समुद्र कोणत्या बाजूला, हे डोक्यात ठेवावे आणि गावात कोणाला तरी सांगून जावे.

हे सगळे वाचून मुले म्हणतील, नकोच ते, आईबाबांनी घरी बसावे. ही भूमिका चुकीची आहे. घरात बसण्याचे धोके दिसत नाहीत म्हणून ते कमी ठरत नाहीत. लेकरांनी गाडीची चाके तपासावीत, औषधांची पिशवी भरून द्यावी, गुरुवारी संध्याकाळी फोन करावा. मार्ग मात्र आखून देऊ नये. चुकू द्यावे. चुकलेली वाट दुरुस्त करणे हाच तर यातला व्यायाम आहे.

जोडप्यातही एक वाटणी झालेली असते. तो चालवतो, ती शेजारी बसते, तिला कोणी वाट विचारत नाही. चाळीस वर्षे नोकरीनिमित्त त्याच्या मेंदूला हा व्यायाम घडला, तिला बाजार, शाळा आणि माहेर यापुढे तो क्वचितच मिळाला. स्मृतिभ्रंशाचे प्रमाण स्त्रियांत अधिक असण्याला अनेक कारणे आहेत, त्यांत कमी शिक्षण हे एक मोठे मानले जाते. ती सगळी आता दुरुस्त होणार नाहीत. नकाशा मात्र आजच तिच्या हातात देता येतो. त्याने चालवावे, तिने वाट सांगावी, आणि सड्यावर उतरल्यावर दोघांनी वेगवेगळ्या दिशांनी शोधावे.

देवाचे गोठणे येथून सुरुवात करायला हरकत नाही. तिथल्या कातळशिल्पापाशी होकायंत्र चुकीची दिशा दाखवते. खडकातल्या चुंबकीय गुणामुळे सुई भलतीकडे वळते. सर्वेक्षणात आयुष्य गेलेला माणूस तिथून तासभर तरी हलणार नाही. दोन पावले सरकून, पुन्हा मागे येऊन, सुई नेमकी कुठे बिघडते ते तो कातळावर मोजत राहील. ती तेवढ्यात सूर्य पाहून पश्चिम कुठे ते ठरवेल.