गप्प चेहरा रागीट वाटतो तेव्हा

माणसाचे तोंड वाचायला कोणी शाळेत शिकवत नाही. व्यापारी भावाला अडून बसणार की खाली येणार, हे आपण त्याच्या चेहऱ्यावरून बरोबर ताडतो. काही जणांची मात्र ही पारख चुकू लागते.

घोडबंदरच्या खाडीकाठचे एखादे घर डोळ्यांपुढे आणा. आई दिवसभर राबून आलेली, मुकाट्याने भाकऱ्या थापते आहे. विशीतला मुलगा एकाएकी विचारतो, "माझ्याकडे अशी रागाने का बघतेस?" ती माउली तर एक शब्द बोललेली नाही! मग बापाला तो उर्मटपणा वाटतो, आजीला करणी वाटते, आणि घरात रोजची खडाजंगी सुरू होते.

स्किझोफ्रेनियासारखा आजार ज्यांना आहे किंवा होण्याचा संभव आहे, अशांना निरनिराळ्या चेहऱ्यांचे फोटो दाखवून अनेक देशांत पाहण्या झाल्या आहेत. हसरा चेहरा बहुतेकांना ओळखू येतो. घोटाळा होतो तो भीती, राग, दुःख ओळखताना. शिवाय ज्यावर कसलाच भाव नाही असा साधा चेहराही कित्येकांना रागीट भासतो. मनात आधीच संशय असला, तर त्याला आयतेच खतपाणी! औषधांनी भास आणि संशय आटोक्यात येतात. चेहरा वाचण्यातली उणीव पुष्कळदा मागे राहते. फोटोंवरून सराव करून घेतल्यास ती काहीशी भरून निघते, असे आढळले आहे.

तेव्हा घरच्यांनी चेहऱ्यावर विसंबू नये, तोंडाने बोलावे. "मी दमले आहे रे, तुझ्यावर रागावले नाही," एवढे सांगायला काय लागते? त्याच्यासमोर कुजबुजू नका. हुज्जतही घालू नका.

एवढ्यावरून आजार ठरत नाही, बरे का. पण त्याच्या जोडीला झोप उडाली, मुलगा माणसांतून उठला, कानात आवाज येतात म्हणू लागला, तर भगताकडे दिवस घालवू नका. उपचार जितके लवकर, तितका गुण अधिक. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालापासून आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानसचा सल्ला फुकट मिळतो, मराठीतूनही. फोन करण्याआधी झोप केव्हापासून गेली, जेवण कसे आहे, आवाज कधी येतात, हे कागदावर लिहून ठेवा; डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.