पाणी ओसरले, भीती का ओसरत नाही?



२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. दुकाने आणि घरांचे तळमजले बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. पुढे चिखल निघतो, पंचनामे होतात, भिंतींना नवा रंग लागतो. पण अशा संकटातून वाचलेल्या एखाद्याला पुढच्या पावसाळ्यातही पत्र्यावर सरी वाजू लागल्या की झोप लागत नाही. तो रात्री उठून दारापर्यंत जातो आणि पाणी आले का ते पाहतो. घरचे म्हणतात, ‘आता कशाला घाबरतोस? झालं ते झालं!’

त्याच्यासाठी ते झालेले नसते. अजून चालूच असते. या आजाराला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात, मराठीत आघातोत्तर ताण विकार. पूर, भूकंप, रस्त्यावरचा अपघात, दंगल, घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार अशा जिवावर बेतलेल्या प्रसंगानंतर तो होऊ शकतो. दुसऱ्यावर बेतलेले डोळ्यांनी पाहिले, तरीही होऊ शकतो. आघात सोसलेले बहुतेक लोक काही आठवड्यांत सावरतात. काही जण मात्र सावरत नाहीत, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळते.

लक्षणे चार प्रकारची असतात. पहिला प्रकार, तो प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येणे: भयानक स्वप्ने पडतात, किंवा जागेपणी क्षणभर सगळे तिथेच घडत असल्यासारखे वाटते. दुसरा, टाळणे: तो रस्ता, ती जागा, तो विषय नको वाटतो. तिसरा, मनाचा बदल: कशातच आनंद वाटत नाही, आपली माणसे परकी वाटतात, ‘मीच का वाचलो?’ असा अपराधीपणा छळतो. चौथा, सततची सावधगिरी: भांडे पडले तरी दचकणे, झोप न लागणे, क्षुल्लक गोष्टीवर भडकणे.

ही लक्षणे एक महिन्याहून जास्त टिकली आणि त्यांनी काम, शाळा, संसार अडू लागला, तर डॉक्टर पीटीएसडीचा विचार करतात. कधी कधी पूर्ण आजार सहा महिन्यांनंतरही उघड होतो. निदान करणारी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन नाही. मानसोपचारतज्ज्ञ सविस्तर विचारपूस करूनच निदान करतात. म्हणून त्यांच्यापुढे काही लपवू नये.

आपल्या घरांत अशा माणसाला दोन वाक्ये हमखास ऐकावी लागतात. एक, ‘तुझं ईमान कमजोर आहे.’ दुसरे, ‘काहीतरी असर झालाय.’ शरीरात काय घडते ते समजले, तर ही दोन्ही वाक्ये आपल्या तोंडी येणार नाहीत.

मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे. धोका दिसताच तो घंटा वाजवतो. अड्रेनालिन वाढते, छाती धडधडते, हातपाय पळायला तयार होतात. जीव वाचवणारी ही सोय अल्लाहने प्रत्येकाला दिली आहे. शेजारचा हिप्पोकॅम्पस हा भाग आठवणीवर जागा आणि वेळ नोंदवतो: हे तिथे घडले, तेव्हा घडले. कपाळामागचा भाग ‘आता धोका टळला’ असे सांगून घंटा बंद करतो. पीटीएसडीमध्ये घंटा फार लवकर वाजते आणि ती बंद करणारा भाग कमी पडतो. आठवणीवरची तारीखही जणू पुसट होते. मग आजची साधी सर मेंदूला त्या दिवसाचा पूर वाटते. ईमान पक्के असलेल्या माणसालाही हे होऊ शकते.

पहिल्या महायुद्धात अशा थरथरणाऱ्या सैनिकांना भित्रे ठरवले गेले. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्यांचे हाल पाहिल्यानंतर, १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने या आजाराला अधिकृत नाव दिले. ती चूक आपण घरात पुन्हा करू नये.

आजारावर इलाज आहे. प्रशिक्षित समुपदेशक त्या आठवणीला हळूहळू, सुरक्षितपणे सामोरे जायला शिकवतात. गरज पडली तर सर्ट्रालीनसारखे औषध डॉक्टर देतात. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या आणू नका. नमाज आणि दुआने मनाला आधार मिळतो, तो घ्यावाच, पण त्यासाठी इलाज थांबवू नये.

मुलांच्या बाबतीत विशेष लक्ष द्या. लहान मूल भीती शब्दांत सांगत नाही. ते खेळात तोच प्रसंग पुन्हा पुन्हा मांडते, पुन्हा अंथरूण ओले करू लागते, अम्मीचा पदर सोडत नाही. आम्हा शिक्षकांना तर ‘वर्गात लक्ष नाही’ एवढेच दिसते. म्हणून घरात काय घडले ते पालकांनी वर्गशिक्षकांना जरूर सांगावे.

घरच्यांनी काय करावे? ‘विसर आता’ म्हणू नये, आणि ‘सांग, काय झालं होतं’ म्हणून खोदूनही विचारू नये. तो बोलू लागला तर मधे न तोडता ऐकावे. जेवण, झोप, शाळा यांच्या वेळा सांभाळाव्यात. पुराचे, अपघाताचे व्हिडिओ त्याच्यासमोर लावू नयेत. झोपलेल्याला हलवून उठवण्यापेक्षा लांबून नावाने हाक मारावी.

सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतूनही बोलता येते. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागातही जाता येते. जगणे नकोसे झाल्याची भाषा कुणाच्या तोंडून आली, तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. महिना उलटूनही घरातले कुणी रात्री दारापर्यंत जाऊन येत असेल, तर या आठवड्यातच त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा.