सुट्टीत जायचे कुठे? आधी दाभोळ बंदरात!

मे महिना जवळ आला की आपल्या नोकरदार समाजबांधवांच्या घरी सहलीची चर्चा सुरू होते. कुणी गोवा म्हणतो, कुणी महाबळेश्वर. बँकेत, मंत्रालयात, कंपनीत चांगल्या हुद्द्यावर असलेली मंडळी तर आता थेट स्वित्झर्लंडची जाहिरात चाळतात. यात वावगे काही नाही. ज्यांच्या बापजाद्यांना गावच्या पाणवठ्यावर जाण्याची मुभा नव्हती, त्यांची लेकरे विमानात बसतात, ही बाबासाहेबांची पुण्याई आहे. प्रश्न एवढाच की, ठिकाण निवडताना आपण कुणाच्या डोक्याने निवडतो?

कोकणाचेच बघा. पर्यटनाच्या पत्रकात समुद्र असतो, देवळे असतात, माशांचे ताट असते. ही परशुरामाची भूमी असे ठासून सांगितले जाते. दाभोळ म्हटले की लोकांना एन्रॉन आठवते. खरे तर तो प्रकल्प खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात उभा राहिला. इतिहासाची आवड असणारा फार तर आदिलशाही काळातली मशीद पाहतो आणि फेरीबोटीने धोपाव्याला उतरतो. पण याच दाभोळ बंदरात भिकू धुत्रे (वलंगकर) नावाचा एक कष्टकरी माशांनी भरलेल्या टोपल्या डोक्यावर घेऊन बाजारात पोहोचवत असे. छातीचे दुखणे घेऊन तो हे ओझे वाहत होता. हा माणूस माता रमाईचा बाप. आपली किती कुटुंबे दापोलीला उतरतात, हर्णैला माशांचा लिलाव बघतात, फोटो काढतात आणि दाभोळला न जाताच परततात! त्या टोपलीखाली कुणाची मान वाकली होती, हे मुलांना कोण सांगणार?

दापोलीजवळच वणंद आहे, रमाईचे जन्मगाव. तिथे तिचे स्मारक आहे. दापोलीच्या लष्करी वसाहतीत सुभेदार रामजींचे कुटुंब राहिले. गोपाळबाबा वलंगकरांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली, तीही दापोलीतूनच. मंडणगड तालुक्यात आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव. कोटजाई नदीच्या खोऱ्यात पन्हाळेकाजीची २९ लेणी. त्यांतली सर्वांत जुनी बौद्धांची. पुढे तिथे वज्रयान आले, मग गणपती आणि नाथपंथ आले. धम्माची जागा कशी बदलत गेली, हे दगडातच वाचता येते. मुंबईहून येताना वाटेत महाड लागते. २० मार्च १९२७ चे चवदार तळे आणि महामार्गालगतची गांधारपाले लेणी तिथेच आहेत. दोन-तीन दिवसांत एवढे सारे होते, आणि मुरुडच्या किनाऱ्यावर मुलांना मनसोक्त खेळायलाही मिळते.

कुणी म्हणेल, सुट्टीतही चळवळच का? उत्तर बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहे. १९३४ साली सहकाऱ्यांनी त्यांच्यासोबत सहलीला जायची इच्छा व्यक्त केली. बाबासाहेब तयार झाले आणि काहीही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायची, असे ठरले. तीसेक जण निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून जमाव अंगावर आला. पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत शिपाई घेऊन त्यांना किल्ला पाहावा लागला. त्या माणसाने हवापालटाचे ठिकाण निवडतानाही आधी बुद्धाची लेणी निवडली! आज आपल्याला कुणी अडवत नाही, तर आपण निवडतो काय?

दुसरा मुद्दा पैशाचा. पर्यटकाचा पैसा किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्याच्या गल्ल्यात जातो आणि बौद्धवाडीतला पोरगा त्याच हॉटेलात ताटे उचलतो. आपण शंभर कुटुंबांनी ठरवून बौद्धवाडीतल्या घरी उतरायचे ठरवले, बचत गटाच्या भगिनींच्या हातची भाकरी आणि माशाचे कालवण पैसे मोजून खाल्ले, तर तो पैसा वाडीत राहील. ज्यांना खासगी गाडी परवडत नाही, त्यांनी वस्तीतले चाळीस-पन्नास जण जमवून एसटी ठरवावी. बुद्धविहारांच्या समित्यांनी यात पुढाकार घ्यावा. दाभोळ बंदरात रमाईच्या वडिलांच्या कष्टाची नोंद सांगणारा फलक लागावा, ही मागणी घेऊन ग्रामपंचायतीकडे आणि पर्यटन खात्याकडे गेले पाहिजे. जिथे लोक जातात, तिथेच रस्ता होतो आणि फलक लागतो. आपणच गेलो नाही, तर सरकारला दोष कोणत्या तोंडाने देणार?

युरोपलाही जरूर जा. लंडनला गेलात तर १० किंग हेन्रीज रोडवरचे घर पाहा. विद्यार्थीदशेत बाबासाहेब तिथे राहिले आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. पण त्या घरात बसून ते अभ्यास करत होते, तेव्हा इकडे मुंबईत संसार कोण ओढत होते? भिकू धुत्र्यांची लेक. म्हणून लंडनच्या तिकिटाआधी दाभोळचे तिकीट काढा.

जयभीम!