पाचाचे नऊ करणाऱ्या खात्यास

मा. कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

पाच आणि नऊ यांतला फरक आपल्या खात्याला कळतो का, एवढेच विचारायचे आहे. किमान वेतनाचा फेरविचार पाच वर्षांच्या आत करा, असे 1948 च्या कायद्याने बजावले होते. दुकाने व व्यापारी आस्थापनांतल्या अकुशल कामगाराचे परिमंडळ 1 मधले मूळ वेतन 2010 मध्ये 5,000 रुपये ठरले. पुढचा आकडा उगवला जुलै 2019 मध्ये, 10,021. अर्धकुशल 5,400 वरून 10,856, कुशल 5,800 वरून 11,632. मधल्या काळात लातूरची नगरपालिका जाऊन महापालिका आली, म्हणजे तिथल्या गंजगोलाई बाजारातले दुकान मुंबईतल्या दुकानाच्या परिमंडळात जाऊन बसले. 2016 मध्ये त्याच शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मूळ वेतन मात्र जागचे हलले नाही. खाते बहुधा आकडेमोडीत गुंतले असावे.

विशेष भत्ता होताच की, असे आपण म्हणाल. होता, 1 जानेवारी आणि 1 जुलै या त्याच्या तारखाही ठरलेल्या. पण भत्ता फक्त महागाईची झीज भरतो. कुटुंबाला जगायला काय काय लागते, हा प्रश्न फेरविचारातच निघतो. 1957 च्या श्रम परिषदेने त्यासाठी अन्न, वर्षाला 72 वार कापड आणि घरभाडे धरले. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण, औषधपाणी वगैरेंसाठी आणखी 25 टक्के जोडायला सांगितले. राज्यभरातली मुले जिथे शिकवण्यांसाठी येतात त्या लातुरात सेल्समनच्या मुलाची फी कोणत्या रकान्यात बसते, तेवढे कळवावे.

या दिरंगाईचा फायदा मालकांना झाला, हेही अर्धेच खरे. तो बुडवणाऱ्याला झाला. सहीचा पगार वेगळा आणि हातातला वेगळा, ही रीत ज्याने लावली त्याला 2010 काय नि 2019 काय! अडकतो तो सरळ हिशेबाचा मालक. वीस किंवा त्याहून जास्त माणसे असतील तर पगारातली 1,000 रुपयांची वाढ त्याला हजारात पडत नाही: भविष्य निर्वाह निधीचे सुमारे 130, कर्मचारी राज्य विमा योजनेचे 32.50, किमान बोनसचे 83. म्हणजे जवळपास 1,246. ही रक्कम दर सहामाहीला बाजूला टाकता येते, साफसफाई आणि पहाऱ्याच्या करारात वेतनवाढीचे कलम घालता येते, कुशल-अकुशल अशी नोंद आधीच तपासून घेता येते. नांदेड-लातूरच्या व्यापारी संघटनांनी निवेदने देण्यापेक्षा सभासदांना हेच शिकवायला हवे होते. पण मूळ दर कधी बदलणार हेच ठाऊक नसेल, तर दोन-तीन वर्षांची निविदा भरणाऱ्या ठेकेदाराने दर लावायचा कशावरून, पंचांग पाहून?

मराठवाड्याच्या बाजाराला मुंबईचा दर झेपत नाही, ही तक्रार नेहमीची. 2019 च्या दरात परिमंडळ 2 चा अकुशल कामगार 9,425 वर होता. म्हणजे लातूर आजवर नगरपालिकाच राहिले असते, तरी मूळ वेतनातला फरक पडला असता महिन्याला 596 रुपयांचा, दिवसाला 23 चा. तेवढ्याने जो धंदा बुडतो तो आधीच बुडालेला असतो. जो उद्योग किमान वेतनही देऊ शकत नाही त्याला चालण्याचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्येच सांगून टाकले आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली. तिच्यातही मुदत पाचच वर्षांची आहे. कमी वेतन देणाऱ्या मालकाला पहिल्याच गुन्ह्यात 50,000 रुपयांपर्यंत दंड; मुदत चुकवणाऱ्या खात्याला मात्र छदामाचाही नाही. तेव्हा एवढे तरी करा: प्रत्येक रोजगाराच्या पुढच्या फेरविचाराचा महिना आधीच जाहीर करा आणि भत्त्याचे परिपत्रक ती तारीख उजाडण्यापूर्वी मराठीतून नांदेड-लातूरच्या दुकानांपर्यंत पोचवा. सुरुवात दुकानांपासूनच करा. 2019 मध्ये पाच मिळवले की 2024 होतात.