मुलाम्याच्या बाजूने

मराठी समीक्षेत ‘मुलामा’ हा शब्द निंदेचा आहे. कवितेत आशय दुबळा आणि शब्दकळा झगझगीत दिसली, की ‘वरवरचा मुलामा’ असा शेरा मारून समीक्षक मोकळा होतो. मुलामा खालचे व्यंग झाकतो, हे त्यामागचे गृहीतक. जुन्या मोटारींच्या धातुकामाकडे, म्हणजे बंपर, ग्रिल, दिव्यांच्या कड्या आणि दारांवरच्या पट्ट्या यांच्याकडे, बारकाईने पाहिले तर हे गृहीतक टिकत नाही.

बंपरवरील क्रोमचा थर साधारणतः पाव ते अर्धा मायक्रॉन असतो. माणसाचा केस त्याच्या शंभरपट तरी जाड. इतका पातळ थर झाकणार काय? उलट खालचा प्रत्येक खड्डा, कानशीचा प्रत्येक ओरखडा तो उठवून दाखवतो. म्हणून खरे कष्ट त्याआधीचे असतात. जुना मुलामा रसायनात उतरवायचा, पोचे ठोकून काढायचे, गंज घासायचा, तांब्याचा थर चढवून तो बफवर गुळगुळीत करायचा, त्यावर निकेल, आणि अगदी शेवटी, काही मिनिटांत, क्रोम. दिसणारी झळाळी बहुतांशी निकेलचीच असते. क्रोम तिला निळसर छटा आणि कणखरपणा देतो, एवढेच.

हानी होते ती बफच्या चाकावर. पॉलिश म्हणजे धातू घासून कमी करणे. दोन-तीनदा उजळलेल्या पट्टीची धार बोथट होते, कोपरे गोलावतात, कंपनीच्या नावाची उठावाची अक्षरे पुसट होतात. स्टेनलेस स्टीलच्या पट्टीला तर मुलामा नसतोच. तिचे जे जाते ते थेट तिचे स्वतःचे.

कालविपर्यासाचा प्रश्न वेगळा. मोटारींवर क्रोम रूढ झाला तो १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधीच्या गाड्यांवर पितळ किंवा निकेल असे, आणि निकेलची चमक किंचित पिवळसर, उबदार. अशा गाडीला आज क्रोम चढवणे म्हणजे जुन्या पोथीचा पाठ आजच्या शुद्धलेखनात छापणे होय. वाचायला सोपे, पण पोथी गेली.

साहित्याच्या अभ्यासकाला हा पेच अनोळखी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि त्या कामाचे वर्ष ग्रंथाच्या शेवटी नोंदवून ठेवले. शुद्धीकरण आवश्यक होते की नव्हते, यावर वाद घालता येतो तो या नोंदीमुळेच. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकारलेल्या पाठाखाली इतर पाठ दिले आहेत, तेही याच जाणिवेने. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ साली मान्य केलेली तुरिन सनद हेच मागते: शक्य तेवढे जतन करा, बदल कराल तर त्याची नोंद ठेवा. आमच्याकडे फियाट-पद्मिनी वा अँबेसडर उजळून देणारे कुशल हात आहेत. नोंद ठेवण्याची रीत मात्र क्वचितच दिसते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची भगवी मेबॅक सीमोल्लंघनाला निघते, तेव्हा ती लखलखीत असावी असेच सर्वांना वाटते. देवाची भांडीही चिंचेने घासतातच. मिरवणुकीतील वस्तूला तिचे पावित्र्य झळाळीतून मिळते, हे आम्ही मान्य करतो. पण वाड्याच्या पडवीत उभी असलेली घरची गाडी ही मेबॅक नव्हे. तिच्या बंपरवरचे बारीक ठिपके हा तिच्या वयाचा दाखला आहे.

शिवाय किंमत फक्त मालक मोजत नाही. पारंपरिक क्रोमच्या हौदात षट्संयुजी क्रोमियम असते आणि ते कर्करोगकारक आहे. युरोपीय संघाने २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइडचा वापर विशेष परवानगीशिवाय बंद केला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर राहणाऱ्या आम्हा कुरुंदवाडकरांना वरच्या गावांनी नदीत सोडलेले खाली येते हे कोणी शिकवायला नको. तेव्हा थर सुटून पत्रा गंजू लागला असेल तरच मुलामा उतरवावा, उतरवण्याआधी छायाचित्रे घ्यावीत, आणि काय केले ते तारखेसह लिहून कागद गाडीच्या कप्प्यात ठेवावा. एरवी साबणाचे पाणी, मऊ फडके आणि थोडे मेण पुरते.