इंझोरीहून दाभोळला

आमच्या मातोश्रींनी वयाच्या बहात्तराव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता. यात नवल नाही. आमचे गाव इंझोरी, तालुका मानोरा, जिल्हा वाशीम. कपाशी, तूर आणि सोयाबीन यांच्या मधोमध वसलेले. पाणी म्हणजे विहिरीचे, नाहीतर आभाळातले, आणि दोन्हींचा भरवसा सारखाच! वडील दरवर्षी म्हणायचे, "यंदा कापूस निघाला की मुंबईला जाऊन समुद्र पाहू." कापूस दरवर्षी निघाला. त्याच्या पैशाला वाटाही दरवर्षी फुटल्या. एकदा बहिणीचे लग्न, एकदा विहिरीची दुरुस्ती, एकदा माझे कॉलेज. मग एके वर्षी वडीलच गेले.

गेल्या चैत्रात मातोश्रींना पुण्याला डोळे दाखवायला आणले. मोतीबिंदू असेल, काढून टाकू, अशा थाटात आम्ही गेलो होतो. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. मोतीबिंदू काढला की दृष्टी परत येते. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही, उरलेली तेवढी थेंबांनी राखायची. घरी येताना मातोश्री रिक्षात एवढेच म्हणाल्या, "समुद्र पाह्याचा राह्यला, नाही का रे?"

झाले! दिवाळीपूर्वीच्या सुट्टीत निघायचे ठरले.

आता मुंबईची चौपाटी सोडून दाभोळच का, असे वाचक विचारतील. त्याचे श्रेय आमच्या भाच्याला. तो नोकरीनिमित्त डेन्मार्कात असतो. स्वीडनहून बोटीने वीस मिनिटांत एल्सिनोर नावाच्या जुन्या बंदरगावी जाता येते म्हणून त्याने फोटो पाठवले होते. तिथे क्रोनबोर्गचा किल्ला आहे. शेक्सपिअरने हॅम्लेटला राहायला दिला तोच. समोरची सामुद्रधुनी जेमतेम चार किलोमीटर रुंद. तिथून जाणाऱ्या जहाजांकडून डेन्मार्कचा राजा जकात घेई. ती चार शतकांहून अधिक काळ चालली आणि 1857 साली बंद झाली. फोटोत पोरेटोरे आईस्क्रीम खात मोठ्या दिमाखात बोटीवर उभी होती. मातोश्रींनी फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि विचारले, "आपल्याकडे नाही का असं? बोटीत बसून जायचं गाव?"

आहे. गुहागरकडच्या धोपाव्याहून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडली की दाभोळ. जमिनीवरून वळसा घालून जायचे तर चिपळूण, खेड, दापोली करत शंभराहून अधिक किलोमीटर पडतात. बोटीला चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ. मोटारींसकट नेणारी ही बोट 2003 सालापासून चालू आहे.

कुंभार्ली घाट उतरताना मी मातोश्रींना सांगितले की कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला आणतात, त्यावर वीज करतात आणि मग ते वाशिष्ठीत सोडून देतात. "मग?" "मग ते समुद्राला मिळतं." मातोश्री बराच वेळ गप्प होत्या. चिपळूण आले तेव्हा म्हणाल्या, "सोडून देतेत! काय लोक आहेत बाप्पा!" विदर्भाच्या पाणीप्रश्नावरची पुष्कळ भाषणे मी ऐकली आहेत, पण इतके थोडक्यात कोणी बोललेले स्मरत नाही.

गुहागरला पोहोचेतो रात्र झाली. समुद्र नुसता ऐकू येत होता. मातोश्रींनी तो ऐकत ऐकत थेंब घालून घेतले. सकाळी अंधारातच निघालो. पहिले दर्शन बोटीतूनच घ्यायचे, असा त्यांचा हट्ट!

धोपाव्याला बोटीने आपली तोंडाची फळी धक्क्यावर टेकवली. त्यावरून मोटारी, फटफट्या, कोळणींच्या पाट्या, शाळेची पोरे, सगळे आत. मातोश्रींनी लुगड्याचा काष्टा सारखा केला, बोटीला हात लावून तो कपाळाला लावला आणि कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. डावीकडे खाडीचे मुख. त्याच्या अलीकडच्या अंगाला अंजनवेलचा गोपाळगड. पलीकडे नुसते पाणी, आणि मग आभाळ.

आठ वाजले होते. थेंबांची वेळ. मी बाटली काढली.

"थांब रे," त्या म्हणाल्या, "थेंब टाकला की धूसर होते. पलीकडे गेल्यावर टाक. आता मले पाहू दे."

मी बाटली खिशात ठेवली. त्या काय पाहत होत्या आणि त्यातले किती दिसत होते, हे मी विचारले नाही.

दाभोळ आज मासळीचे लहानसे गाव आहे. पण बहमनी काळात हे दख्खनचे मोठे बंदर होते. पंधराव्या शतकात इराणहून आलेला महमूद गवान इथेच उतरला आणि पुढे बहमनींचा वजीर झाला. आमचा वऱ्हाड तेव्हा त्याच राज्याचा सुभा. निकितिन हा रशियन व्यापारी बिदर पाहून परत जाताना इथूनच होर्मुझच्या जहाजात चढला. घोडे उतरायचे, कापड चढायचे. 1508 च्या डिसेंबरात पोर्तुगीज अल्मेदाने, चौलच्या लढाईत पडलेल्या मुलाच्या सूडाने पेटून, गाव जाळले. एल्सिनोरला असल्या दगडादगडाची माहिती लिहून ठेवली आहे म्हणे. इथे आम्हांला ती चहावाल्याकडून घ्यावी लागली. तक्रार करत नाही, चहा उत्तम होता.

किनाऱ्याजवळ आदिलशाही घाटाची मशीद आहे, घुमट आणि चार मिनार असलेली. सांगतात की विजापूरची एक शहाजादी मक्केला जायला म्हणून दाभोळला आली. पण जाणे काही झाले नाही, तेव्हा यात्रेसाठी आणलेला पैसा तिने या मशिदीला लावला. मातोश्रींनी ही कथा दोनदा सांगायला लावली.

"इथवर आली, अन् गेलीच नाही?"

"नाही."

"समुद्र तरी पाह्यला असंल तिनं."

मी म्हटले, पाहिला असेल.

परतीच्या बोटीत मातोश्री आधीच जाऊन समुद्राकडच्या कठड्याशी उभ्या राहिल्या आणि शेजारच्या कोळणीला विचारू लागल्या, दिवसातून अशा किती फेऱ्या होतात म्हणून.