हापसा बसला, पाना कुणाकडे?

मलावीच्या खेड्यांत परदेशी चर्चची मंडळी जातात. आठ-पंधरा दिवस दवाखाना चालवतात, हापसा बसवतात आणि परततात. चांगलंच आहे; पण वॉशर झिजला की? बायका पुन्हा डबक्यावर, आणि पोरांना जुलाब!

मैत्रिणींनो, हे दुखणं आपल्याकडचंच. मिशनच्या कामातून जालना-सोलापूरकडे मजबूत पोलादी हापसे तयार झाले. सोलापूरच्या हापशावरून १९७०नंतर ‘इंडिया मार्क टू’ निघाला, तो आफ्रिकेतही पोचला. टिकाऊ खरा, पण उघडायचा म्हणजे जड पाइप उपसा, मेकॅनिकची वाट बघा. म्हणून १९८०च्या दशकात तिकडे ‘आफ्रिदेव’ आला. एका पान्यानं उघडतो, पाइप न काढता दट्ट्या वर येतो. बायकांनाही जमतं.

तेव्हा वर्गणी देणाऱ्यांनी किती हापसे बसले एवढंच विचारू नये, पाना कुणाच्या हाती दिला तेही विचारावं. पाणी भरते तिच्याच हाती हवा. पुरुषांना हापसा बंद पडल्याचं कळतं ते आंघोळीला पाणी नसलं की!

आणि हापशाचं स्वच्छ पाणीही घरी आल्यावर बिघडतं, बरं का. मलावीतली झोपडी असो की आपलं स्वयंपाकघर, भांडं अरुंद तोंडाचं, झाकणाचं, शक्यतो तोटीचं असावं. तोटी नसेल तर लांब दांडीचं ओगराळं ठेवा. पेला बुडवला की बोटंही बुडतातच.